डेम्लो संख्या आणि देवळालीचे मास्तर

१२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकांची ही संख्या डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच राहते. जयसिंगपुरात उर्दू आणि मराठी शिकवताना मला ती हटकून आठवते. उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे चालतो, पण त्यातली संख्या मराठीसारखी डावीकडूनच लिहितात. नवी मुलं इथे गोंधळतात. या संख्येपुढे मात्र दोन्ही दिशा सारख्याच.

नऊ वेळा १ लिहा आणि त्या संख्येला तिनेच गुणा. उत्तर हेच येतं. गुणाकार मांडला की एककांच्या नऊ ओळी एकेक घर सरकत जातात. उभी बेरीज एकापासून नवापर्यंत चढते आणि तशीच उतरते. हातचा कुठेच येत नाही. सगळ्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे नवाचा वर्ग.

अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हटलं ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. मुंबईजवळच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली. कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, पुण्याच्या फर्ग्युसनमधून १९२९ साली पदवीधर झाले आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. गणितातली पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती. अनेक विद्वानांना त्यांचं काम म्हणजे निव्वळ अंकांचा खेळ वाटे. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून त्यांनी शिकवण्या केल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. मास्तर तोवर सत्तरीला पोचले होते.

ही कहाणी मी मुद्दाम आपल्या वाचकांसाठी लिहितोय. "गणित आपल्या मुलांचा प्रांत नाही" हे वाक्य मोहल्ल्यात सहज बोललं जातं. इतिहास काय सांगतो? नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी भारतीय अंकपद्धतीवर ग्रंथ लिहिला. अरबीत या अंकांना आजही 'अरक़ाम हिंदिया' म्हणतात. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० ची. अकबराच्या दरबारातल्या फैज़ींनी १५८७ साली ती फारसीत आणली. त्या ग्रंथातल्या स्थानांच्या यादीत एकंपासून परार्धापर्यंत अठरा नावं आहेत. आपली सतरा अंकी संख्या त्यातल्या 'मध्य' या स्थानापासून सुरू होते. हिशेबाच्या या वारशात संस्कृत, अरबी, फारसी सगळ्यांचा हात लागला आहे. त्यावर एकट्याची मालकी कुणी सांगू नये आणि आपणही हक्क सोडू नये.

घरी मुलांसोबत एक करून पाहा. या वेळी दहा वेळा १ लिहा आणि वर्ग करा. मधल्या घरात दहा येतात, हातचा लागतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ होतं. चढत्या बाजूचा ८ गायब. तो कुठे गेला, हे मुलांनाच शोधू द्या. त्यासाठी कागद आणि पेन्सिल पुरते. कापरेकर मास्तरांचंही काम त्यावरच भागलं होतं.