अडणारी जागा

आमच्या घरातली तरुण मंडळी 'बॉटलनेक' हा शब्द फार वापरतात. म्हणजे काय, तर कामाच्या साखळीत जिथे सगळं तुंबतं ती जागा. मी इतिहास शिकवण्यात आयुष्य काढलेला माणूस, मला त्यावरून इंग्लंडातलं कापड आठवतं.

१७३३ साली जॉन केने उडता धोटा काढला. विणकराचा वेग जवळजवळ दुप्पट झाला आणि सूत कमी पडू लागलं. मग १७६४ च्या सुमारास हारग्रीव्ह्जची स्पिनिंग जेनी आली, १७७९ मध्ये क्रॉम्प्टनचं म्यूल आलं. आता सूत उदंड, माग अपुरे! म्हणून १७८५ मध्ये कार्टराइटने यंत्रमागाचं पेटंट घेतलं. मी मुलांना सांगत असे, नुसत्या सनावळ्या घोकू नका. एका शोधाने केलेली अडचण दुसऱ्याने सोडवली, एवढं ध्यानात धरा, क्रम आपोआप लागतो.

पुढे कापूसच पुरेना. अमेरिकेतल्या आखूड धाग्याच्या कापसाला सरकी घट्ट चिकटलेली असे, ती हाताने काढण्यात दिवस जाई. १७९३ मध्ये एली व्हिटनीने त्यासाठी यंत्र बनवलं. झालं, सरकी सुटली. पण अडचण शेतात जाऊन बसली. बोंडं वेचायला यंत्र नव्हतं, माणसाचे हातच हवेत. मळेवाल्यांनी ते हात गुलामांचे घेतले. १७९० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० च्या जनगणनेत सुमारे ४० लाख. यंत्राने कष्ट वाचतात असं आपण म्हणतो. कुणाचे, ते विचारत नाही.

१८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली. एकाच देशावर भिस्त ठेवलेल्या लँकेशायरमधल्या कितीतरी गिरण्या थंडावल्या, कामगारांची उपासमार झाली. इकडे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो कायम राहील असं धरून लोकांनी कंपन्या काढल्या, शेअर घेतले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि भल्याभल्या पेढ्या बुडाल्या.

असो. तुमच्यापैकी बरेच जण कारखान्यांतून, कचेऱ्यांतून कामाच्या योजना आखता. अडलेली जागा जरूर मोकळी करा. फक्त ती सरकून कुठे गेली आणि तिथे कोण उभं आहे, तेवढं पाहत चला.