मोटारसायकलचे चाक घरच्या घरी ‘बॅलन्स’ करताना

शहरात चाळीसच्या वेगाने निमूट चालणारी मोटारसायकल पुणे-बंगळूर महामार्गाला लागली आणि काटा ऐंशीकडे सरकला, की हाताला मुंग्या येईपर्यंत हँडल थरथरू लागते, असा अनुभव अनेकांना येतो. नवा टायर बसविल्यानंतर ही तक्रार सुरू झाली असेल, तर चाकाचा तोल बिघडलेला असण्याची शक्यता मोठी. मोटारीचे चाक यंत्रावर ‘बॅलन्स’ करून देणारी दुकाने नाक्यानाक्यावर आहेत. दुचाकीचे चाक मात्र त्यांपैकी अनेक ठिकाणी घेतले जात नाही. ते यंत्रावर चढविण्यासाठी निराळा जोड लागतो. सुदैवाने दुचाकीचे चाक अरुंद असल्याने हे काम यंत्राशिवाय, निव्वळ गुरुत्वाकर्षणाच्या मदतीने आणि अगदी थोड्या खर्चात घरी करता येते.

कोणतेही चाक सर्व बाजूंनी सारख्या वजनाचे नसते. टायरचा सांधा, व्हॉल्व्ह, ट्यूबला लावलेले ठिगळ अशा कारणांनी एखादी बाजू जड होते. एरवी २० ग्रॅम म्हणजे काहीच नव्हे. पण ताशी ८० किलोमीटर वेगाने मध्यम आकाराचे चाक सेकंदाला सुमारे १२ फेरे घेते. त्या वेळी रिमच्या कडेवरचे हे २० ग्रॅम चाकाला सुमारे अडीच किलो वजनाइतक्या जोराने बाहेर खेचत असतात, आणि ही ओढ प्रत्येक फेऱ्यात सर्व दिशांना फिरते. वेग निम्मा झाला, की ओढ चौथाईवर येते. त्यामुळेच शहरात हा दोष जाणवत नाही. साठच्या आत चालणाऱ्या १००-१२५ सीसीच्या गाडीला काही त्रास नसेल, तर तिच्या मालकाने या खटाटोपात पडण्याचे कारण नाही, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

पाने हाती घेण्यापूर्वी प्रत्येक थरथरीमागे तोलच असतो, हा समज दूर केलेला बरा. आपल्याकडचे खड्डे पाहता रिम वाकलेली असणे अधिक संभवते. गाडी मेन स्टँडवर लावून पुढचे चाक अधांतरी करावे आणि फोर्कला टेकवून धरलेल्या पेन्सिलीजवळून ते फिरवून पाहावे. रिम पेन्सिलीजवळ येते व दूर जाते असे दिसले, तर आधी ‘आऊट’ काढून घ्यावा लागेल. टायरमधील हवा, ढिले आरे, चाकाचे बेअरिंग आणि हँडलचा ‘कोन सेट’ हेही तपासावे. यांतील एखादा दोष असेल, तर वजने लावून तो झाकता येत नाही; बेअरिंग वा कोन सेट खिळखिळा असताना गाडी महामार्गावर नेणे धोक्याचेच.

सुरुवात पुढच्या चाकापासून करावी. चाक उतरवून त्यातून त्याचाच अ‍ॅक्सल किंवा घट्ट बसणारी सरळ, गुळगुळीत सळई घालावी आणि तिची दोन टोके सारख्या उंचीच्या दोन आधारांवर ठेवावीत. भक्कम लाकडी ठोकळे किंवा दोन स्टुले पुरतात. गवंड्याची पाणसळ लावून सळई आडवी आहे ना, ते पाहावे. ड्रम ब्रेक असल्यास ब्रेक प्लेट काढून ठेवावी. बेअरिंगवरचे रबरी सील चाकाला किंचित अडवतात, त्यामुळे चार-पाच ग्रॅमचा फरक या पद्धतीत पकडता येत नाही. तेवढा फरक रस्त्यावरही सहसा कळत नाही.

आता चाकाला हलकेच फिरवून सोडावे. जड भाग खाली येऊन चाक थांबेल. नेमक्या वरच्या बिंदूला खडूने खूण करावी. हे तीन-चार वेळा करावे. दर वेळी तीच खूण वर आली, तरच ती खरी. खुणेजवळ चिकटपट्टीने एखादे नाणे लावावे आणि खूण घड्याळातील तीनच्या जागी आणून हात काढावा. खूण वर गेली तर वजन कमी पडले, खाली गेली तर जास्त झाले. चाक कोणत्याही स्थितीत सोडले तरी स्थिर राहिले, की काम साधले. नाणी केवळ चाचणीपुरती. त्यांचे वजन मालिकेनुसार बदलते, तेव्हा ती स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर तोलून घ्यावीत. २०११ च्या मालिकेतील पाच रुपयांचे नाणे ६ ग्रॅमचे आहे.

कायमसाठी मोटारींच्या टायर दुकानात मिळणारी, पाच-दहा ग्रॅमच्या तुकड्यांची चिकट वजने आणावीत. रिम स्पिरिटने पुसून, कोरडी करून ती लावावीत आणि कॅलिपरला घासत नाहीत ना, हे पाहावे. आऱ्यांच्या चाकाला सोल्डरिंगची तार निपलजवळ घट्ट गुंडाळण्याची जुनी युक्ती स्वस्त व चांगली आहे. पन्नास-साठ ग्रॅम लावूनही तोल साधत नसेल, तर वजने वाढवू नयेत. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवून घ्यावा. काही टायरांवर हलक्या जागी रंगीत ठिपका असतो, तो व्हॉल्व्हसमोर यायला हवा. टायरमध्ये पंक्चररोधक द्रव भरलेला असेल, तर मात्र ही सारी चाचणी फसवी ठरते. द्रव नेहमी खालीच साचतो.

खरी जोखीम चाक परत बसविताना असते. डिस्क ब्रेकचे चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर दाबू नये. पिस्टन पुढे सरकून पॅड जवळ येतात आणि मग डिस्क आत जात नाही. डिस्कला तेलाचा हात लागू देऊ नये. ड्रम ब्रेकच्या प्लेटवरील खाच फोर्कवरच्या खुंटीत बसलीच पाहिजे; ती चुकली, तर पहिल्याच ब्रेकला प्लेट चाकाबरोबर फिरून चाक अडकू शकते. अ‍ॅक्सलचा नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात आवळावा, स्प्लिट पिन असल्यास नवी घालावी आणि निघण्यापूर्वी लिव्हर कडक लागेपर्यंत ब्रेक दाबून पाहावा. याची खात्री वाटत नसेल, तर चाक उतरविण्या-बसविण्याचे काम मेकॅनिककडे सोपवावे व तोल तेवढा आपण साधावा.

मागच्या चाकाची रीत हीच, फक्त चेन उतरवावी लागते. पुढे कधी पंक्चर झाले, तर टायर काढण्याआधी व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूने खूण करून तो तसाच बसवायला पंक्चरवाल्याला सांगावे. टायर दुसऱ्या जागी बसला, की तोल पुन्हा तपासावा लागतो.