बाप कधी गेला, गाव कुठे होतं: दिल्लीतल्या लेकींचा वाटा

नजफगड, नरेला, बवाना ही नावं ऐकली की आज आपल्याला मेट्रो आणि प्लॉटचे दर आठवतात. पण ही मुळात शेतकऱ्यांची गावं. आजचा प्रश्न साधा आहे: या गावांत बाप गेला की जमीन कुणाची?

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाकडे जायची. केंट परगण्यात मात्र सगळ्या मुलग्यांत सारखी वाटणी व्हायची. दोन्हीकडे मुलगे असतील तर मुलींना जमिनीत वाटा नाही. आपल्याकडे पेशवाईतही पाटीलकीचा वडीलमान थोरल्या घराकडे असायचा, पण जमिनीत सगळे भाऊ वाटेकरी. बहिणीची बोळवण चोळीबांगडीवर.

दिल्लीच्या गावांतल्या जमीनधारणेला तर नावच होतं ‘भाईचारा’. त्यात बहीण कुठे बसणार?

स्वातंत्र्यानंतर जमीनदारी गेली. 1954 साली दिल्ली भूमी सुधारणा कायदा आला आणि कसणारा ‘भूमिधर’ झाला. काम मोठंच झालं. पण याच कायद्याच्या कलम 50 मध्ये वारसांची रांग लावली होती. पहिला नंबर मुलगे-नातवंडांचा, तोही फक्त पुरुष वंशातल्या पुरुषांचा. मुलगा हयात असेल तर विधवेला काही नाही, मुलीलाही नाही.

तुम्ही म्हणाल, 1956 चा हिंदू वारसा कायदा होता की! होता. पण त्याच्या कलम 4(2) ने शेतजमिनीचे असे कायदे बाजूला ठेवले होते. म्हणजे बापाच्या बँकेतल्या पैशात मुलीला वाटा, शेतात नाही.

यातली गंमत बघा. एखादं गाव महापालिका कायद्याच्या कलम 507 खाली शहरी घोषित झालं, की भूमी सुधारणा कायदा तिथून हटायचा. म्हणजे अधिसूचनेत गावाचं नाव आहे की नाही, यावर लेकीचा वाटा ठरायचा.

संसदेने दुरुस्ती करून कलम 4(2) काढून टाकलं आणि ती दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं की आता दिल्लीच्या शेतजमिनीलाही हिंदू वारसा कायदाच लागू. मात्र 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं: 2005 पूर्वीच वारसा उघडला असेल, तर नवा नियम मागे नेता येणार नाही. म्हणजे बाप 1997 ला गेला की 2007 ला, यावर सगळं आलं.

यमुना ओलांडून नोएडात जा, तिथे वेगळाच कायदा. उत्तर प्रदेशच्या 2006 च्या महसूल संहितेने अविवाहित मुलीला भावाच्या रांगेत आणलं, लग्न झालेलीला मागे ठेवलं. शेत तसंच, बाप तसाच, फरक फक्त राज्याच्या हद्दीचा.

आणि एवढं करून हक्क मिळाला, तरी भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो. सही केली नाही तर माहेर तुटेल, ही भीती कुठल्याच कलमात लिहिलेली नाही. म्हणून घरात असा कागद आला, तर सहीआधी तीन गोष्टी बघा: वडील कोणत्या तारखेला गेले, तेव्हा गाव शहरी घोषित झालं होतं का, आणि महसुली नोंदीत नाव कुणाचं लागलंय. मग ठरवा. वाटा सोडायचा असेल तर तो किती आहे, हे कळल्यावर सोडावा.