तळटीप : फारसी अक्षरांच्या पावल्या
येथे अभिप्रेत असलेल्या पावल्या म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीने बंगाल्यात पाडलेली, पाव रुपया किमतीची चांदीची नाणी होत. मुलुखाचा सारा वसूल कंपनीच्या खजिन्यात जमा होऊ लागला, तरी तिच्या टांकसाळीतून निघणाऱ्या नाण्यांवर नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचेच असे. इतकेच नव्हे, तर जुन्या सनाच्या रुपयावर सराफ बट्टा कापीत, तो प्रघात मोडावा म्हणून बादशहाचे एकोणिसावे राज्यवर्षच या चांदीच्या नाण्यांवर कायम करण्यात आले, आणि 1806 साली तो निवर्तल्यावरही ते तसेच छापले जात राहिले. केवळ या अंकावरून नाण्याचा काळ ठरविणाऱ्या अभ्यासकाची फसगत ठरलेलीच! पेशवाईतील अंकुशी रुपयावरही मजकूर फारसीच असल्यामुळे आपल्याकडील वाचकास यात नवल वाटू नये. 1835 च्या कायद्याने कंपनीच्या सर्व मुलुखात एकच चलन सुरू होऊन नाण्यावर चौथ्या विल्यमचा मुखवटा आला. फारसी मात्र मागील बाजूस, केवळ किंमत सांगण्यापुरती, उरली, व पुढे व्हिक्टोरिया राणीच्या 1841 च्या चवलीवरही ती आढळते. — संपादक