पॉम्पेईतील प्रेक्षकांविना मैफल

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडने ऑक्टोबर १९७१मध्ये इटलीतील पॉम्पेईच्या खुल्या रोमन प्रेक्षागारात एका चित्रपटासाठी वादन केले. इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या नगरीत मैफलीसाठी श्रोते बोलावलेलेच नव्हते. गर्दीचा जल्लोष टिपणाऱ्या ‘वुडस्टॉक’सारख्या मैफलपटांचा तो काळ असल्याने दिग्दर्शक एड्रियन मेबन यांची ही निवड धाडसाचीच होती. पुरेशी वीज मिळेपर्यंत काम खोळंबले. काही गाणी नंतर पॅरिसच्या स्टुडिओत चित्रित झाली. चित्रपट १९७२मध्ये एडिंबरा महोत्सवात दाखवला गेला. पुढे त्यात बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम घडत असतानाची स्टुडिओतली दृश्ये जोडली गेली. २००३मध्ये डीव्हीडी आली आणि २०२५मध्ये मूळ निगेटिव्हवरून सिद्ध केलेली आवृत्ती चित्रपटगृहांत झळकली. वादकांवर आणि वाद्यांवर इतकी एकाग्र नजर ठेवणारे मैफलपट विरळाच.