विविध भारती, नागपूर

आकाशवाणीच्या चित्रपटसंगीतप्रधान विविध भारती सेवेचे नागपूर येथील व्यापारी केंद्र. (पहा : आकाशवाणी).

उगम : बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरील चित्रपटगीते घटली आणि श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. त्याला परत आणण्यासाठी 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली. आखणीत कवी नरेंद्र शर्मा प्रमुख होते. आकाशवाणीचे नागपूर केंद्र 1948 चे. व्यापारी प्रसारण 1 नोव्हेंबर 1967 रोजी मुंबई, पुणे व नागपूर येथून सुरू झाले. देशातील या पहिल्या प्रयोगात विदर्भातील नागपूर होते, ही बाब विशेष नोंदण्याजोगी.

कार्यक्रम : सैनिकांसाठी ‘जयमाला’, नाटिकांचा ‘हवा महल’, जुन्या गीतांचा ‘भूले बिसरे गीत’, रात्रीचे ‘छायागीत’ व रागपरिचयाची ‘संगीत सरिता’ हे राष्ट्रीय कार्यक्रम. जाहिराती व प्रायोजित कार्यक्रमांतून उत्पन्न मिळते. फर्माईश पत्राने पाठवण्याच्या प्रथेमुळे लहान गावांची नावे प्रसारणात आली.

महत्त्व : विदर्भातील वाशीम जिल्हा 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा झाला, आकाशवाणीचे केंद्र मात्र अकोल्यात आहे. खासगी एफएम केंद्रेही प्रामुख्याने मोठ्या शहरांत निघाली. त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. त्यामुळे अशा जिल्ह्यांत आकाशवाणीच्या सेवांचे महत्त्व राहते. (पहा : एफएम प्रसारण, वाशीम जिल्हा).