साडेआठशे वर्षांचा जुना अधिकार आणि ‘पॅराडाइज’ नावाचे गाव

१/
जून २००९. कॅलिफोर्नियातील ब्यूट काउंटीत १९ सामान्य नागरिकांच्या मंडळाने आपला वार्षिक अहवाल प्रसिद्ध केला. डोंगरमाथ्यावरील एका गावाला आग लागली तर लोकांना बाहेर पडायला रस्ते पुरणार नाहीत, असा इशारा त्यात होता. नऊ वर्षांनी ते गाव जळाले. ८५ माणसे मृत्युमुखी पडली. (थ्रेड)

२/
हे १९ जण निवडून आलेले नव्हते. अभियंते किंवा अग्निशमन-तज्ज्ञ म्हणूनही त्यांची नेमणूक झालेली नव्हती. तरीही काउंटीच्या कोणत्याही कार्यालयाचे दप्तर उघडून पाहण्याचा अधिकार त्यांना होता. हा अधिकार आला कुठून, आणि त्याची मर्यादा कोठे संपते, याचा हा इतिहास.

३/
या मंडळाचे नाव ‘ग्रँड ज्युरी’. तिचा उगम सहसा ११६६ सालापर्यंत नेला जातो. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने क्लॅरेंडन येथे फर्मान काढले: ‘हंड्रेड’ या प्रत्येक महसुली विभागातील १२ आणि प्रत्येक गावातील ४ विश्वासू पुरुषांनी शपथेवर सांगावे, की आपल्या भागात दरोडेखोर, खुनी वा चोर म्हणून कोणाकडे बोट दाखवले जाते.

४/
म्हणजे आरंभी ही संस्था प्रजेच्या हाती दिलेले अस्त्र नव्हती. ते राजाचे कान होते. गावात कोण कसा आहे हे गावालाच ठाऊक असते. ते ज्ञान शपथेच्या बळावर दरबारापर्यंत पोहोचवण्याची ही सोय होती. पाहणारे गावकरी, पण पाहायचे होते राजासाठी.

५/
पुढील शतकांत या कानांना स्वतःचे मत फुटले. १६८१ मध्ये राजसत्तेने अर्ल ऑफ शॅफ्ट्सबरी याच्यावर राजद्रोहाचा खटला भरू पाहिला. लंडनच्या ग्रँड ज्युरीने पुरावा ऐकला आणि आरोप ठेवण्यास नकार दिला. राजाचा विरोधक त्या नकारामुळे सुटला.

६/
हीच परंपरा अटलांटिक ओलांडून गेली. १७३४ मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नरवर टीका छापणाऱ्या जॉन पीटर झेंगर या मुद्रकावर आरोप ठेवण्यास तेथील ग्रँड ज्युरीने नकार दिला. सरकारला दुसऱ्या मार्गाने खटला भरावा लागला, आणि १७३५ मध्ये तोही ते हरले. १७९१ च्या पाचव्या घटनादुरुस्तीने ग्रँड ज्युरीला अमेरिकी संविधानात स्थान दिले.

७/
या संस्थेचा मुंबईशीही संबंध आला. कंपनी सरकारच्या काळात मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात ग्रँड ज्युरी बसत असे. तिची दारे भारतीयांना बंद होती. १८३२ च्या कायद्याने ती उघडली. मात्र एकोणिसाव्या शतकातच ही व्यवस्था येथे मोडीत निघाली, आणि ती कारभारावरील देखरेखीकडे कधी वळलीच नाही.

८/
इंग्लंडनेही १९३३ मध्ये ती जवळजवळ संपूर्णपणे रद्द केली. आयर्लंडमध्ये तर ग्रँड ज्युरी म्हणजे जमीनदारांचे मंडळच झाले होते. रस्ते, पूल आणि कर यांचा कारभार तेच पाहत. ज्याने पाहणी करायची तोच कारभारी झाला. १८९८ च्या कायद्याने ते काम निर्वाचित परिषदांकडे गेले.

९/
कॅलिफोर्नियात मात्र वेगळेच वळण आले. १८७९ च्या राज्यघटनेने प्रत्येक काउंटीत दरवर्षी किमान एक ग्रँड ज्युरी बोलावणे बंधनकारक केले. (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा.) त्याच वेळी गुन्हेगारी खटले ग्रँड ज्युरीविनाही भरण्याची मुभा ठेवली. १८८४ च्या ‘हुर्ताडो’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मुभा मान्य केली.

१०/
परिणाम असा, की ग्रँड ज्युरी दरवर्षी बसणार हे ठरलेले, पण खटल्यांचे बहुतेक काम तिच्याकडून गेलेले. उरले ते दुसरे काम: तुरुंगांची पाहणी, काउंटीच्या अधिकाऱ्यांचे हिशेब, कार्यालयांची कार्यपद्धती. इतरत्र जे दुय्यम होते, ते येथे मुख्य झाले. राजासाठी प्रजेवर ठेवलेली नजर आता प्रजेच्या वतीने कारभाऱ्यांवर ठेवली जाऊ लागली.

११/
या नजरेची गरज ग्रामीण भागात अधिक होती. १८८७ च्या राइट कायद्याने शेतकऱ्यांना स्वतःचे सिंचन-मंडळ स्थापून कर बसवण्याचा अधिकार दिला. टर्लॉक येथे पहिले मंडळ उभे राहिले. मग अग्निशमन, पाणीपुरवठा, सांडपाणी, डास-निर्मूलन, अगदी दफनभूमीसाठीही अशी मंडळे निघाली. आज राज्यात सुमारे २,००० स्वतंत्र मंडळे आहेत.

१२/
अशा मंडळाच्या बैठकीला अनेकदा चार माणसेही नसतात. जवळपास वृत्तपत्र नसते. असले तरी दफनभूमी-मंडळाच्या अंदाजपत्रकासाठी वार्ताहर पाठवणे त्याला परवडत नाही. मंडळ लहान, करही लहान. पण पैसा सार्वजनिक असतो, आणि त्यावर नजर ठेवणारे दुसरे कोणी नसते. कायद्याने ही मंडळेही ग्रँड ज्युरीच्या कक्षेत आणली.

१३/
रचना अशी: बहुतेक काउंट्यांत १९ सदस्य, १ जुलै ते ३० जून असे एक वर्ष. वय किमान १८, काउंटीत किमान एक वर्षाचे वास्तव्य, सामान्य बुद्धी आणि चांगले चारित्र्य एवढीच मुख्य पात्रता. निर्वाचित पदाधिकारी सदस्य होऊ शकत नाही. अहवाल संमत होण्यास १९ पैकी १२ मते लागतात. कायद्याने ठरवलेले मूळ मानधन दिवसाला १५ डॉलर.

१४/
लहान काउंटीत हे किती अवघड होते पाहा. सिएरा नेवाडा पर्वतातील अल्पाइन काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत १,२०४ होती. २०,००० पर्यंत वस्ती असलेल्या काउंटीला ११ सदस्यांची मुभा आहे. पण ते ११ जणही याच १,२०४ मधून दरवर्षी मिळवायचे.

१५/
जेथे रस्ते-विभागाचा प्रमुख शेजारी असतो आणि पाणी-मंडळाचा सचिव सोयरा, तेथे चौकशी करायची कशी? म्हणून गुप्ततेची शपथ असते. कोणी काय सांगितले, सदस्यांत काय चर्चा झाली, हे वर्ष संपल्यावरही बाहेर येत नाही. ज्याचे हितसंबंध गुंतलेले, तो सदस्य त्या चौकशीतून बाजूला होतो.

१६/
आता मर्यादा. नागरी ग्रँड ज्युरी दप्तर मागवू शकते, साक्षी घेऊ शकते, निष्कर्ष आणि शिफारशी प्रसिद्ध करू शकते. हेतुपुरस्सर वा भ्रष्ट गैरवर्तन आढळल्यास अधिकाऱ्याला पदावरून दूर करण्यासाठी आरोपपत्रही दाखल करू शकते. पण एकही शिफारस ती अमलात आणू शकत नाही.

१७/
तिच्या हाती उरते एकच गोष्ट: लेखी उत्तर मागण्याचा अधिकार. निर्वाचित अधिकाऱ्याने ६० दिवसांत, नियामक मंडळाने ९० दिवसांत उत्तर द्यायचे. प्रत्येक शिफारशीवर चारच उत्तरे चालतात: अंमल केला, अमुक मुदतीत करू, अधिक अभ्यास हवा, तोही सहा महिन्यांच्या आत, किंवा शिफारस अनावश्यक वा अवाजवी असल्याने अंमल करणार नाही, आणि त्याचे स्पष्टीकरण.

१८/
आता पुन्हा ब्यूट काउंटीकडे. भात, बदाम आणि अक्रोडाची शेती, आणि पूर्वेला सिएरा नेवाडाचा पायथा. तेथील दोन दऱ्यांमधल्या डोंगरसोंडेवर वसलेले पॅराडाइज. वस्ती सुमारे २६,०००, त्यात निवृत्त वृद्ध मोठ्या संख्येने. खाली उतरणारे रस्ते मोजकेच.

१९/
जून २००८ मध्ये ‘हम्बोल्ट’ वणवा गावाच्या दारापर्यंत आला. हजारो लोक एकाच वेळी निघाले आणि रस्ते तुंबले. गाव त्या वेळी वाचले. २००८-०९ च्या ग्रँड ज्युरीने याच घटनेची चौकशी हाती घेतली. बाहेर पडण्याच्या मार्गांवर गंभीर मर्यादा आहेत, असा निष्कर्ष तिने काढला आणि वणव्याचा धोका असलेल्या भागात नवी घरे बांधण्यास तात्पुरती स्थगिती सुचवली.

२०/
सप्टेंबर २००९ मध्ये काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाचे उत्तर आले. सुधारित बांधकाम-नियम आणि आग-प्रतिबंधाच्या अटी यांचा दाखला देत मंडळाने स्थगितीची शिफारस अवाजवी ठरवली. हे कायद्याने मान्य केलेले चौथे उत्तर. ते कायदेशीर होते आणि सकारणही होते.

२१/
८ नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी, वाऱ्याच्या झोतात, ‘कॅम्प’ वणवा पॅराडाइजवर आला. काही तासांत गाव संपले. १८,००० हून अधिक इमारती जळाल्या. मृतांत बहुसंख्य वृद्ध होते. बाहेर पडणाऱ्या गाड्यांच्या रांगांना ज्वाळांनी गाठले.

२२/
येथे इतिहासाने सावध राहायला हवे. ती शिफारस मानली असती तर सर्व वाचले असते, असे म्हणता येत नाही. स्थगिती नव्या घरांपुरती होती. जुनी घरे आणि जुने रस्ते तेथेच राहिले असते. २००८ नंतर गावाने विभागवार स्थलांतराची योजनाही आखली होती. वणव्याचा वेग तिच्याही पुढे गेला.

२३/
आग मात्र गावाच्या चुकीने लागलेली नव्हती. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या कंपनीच्या, सुमारे शतकभर जुन्या वीजवाहिनीवरील झिजलेला हुक तुटला होता. ही खासगी कंपनी नागरी ग्रँड ज्युरीच्या कक्षेबाहेर होती. रस्ते तिला पाहता आले. तार पाहता आली नाही.

२४/
पण संस्थेचे जुने, फौजदारी रूप शिल्लक होते. ब्यूट काउंटीत विशेष ग्रँड ज्युरी बोलावण्यात आली. ११६६ प्रमाणेच, स्थानिक माणसे शपथेवर बसली आणि बोट कोणाकडे दाखवायचे हे त्यांनी सुमारे वर्षभर पुरावा ऐकून ठरवले. त्या दोषारोपांवर जून २०२० मध्ये कंपनीने निष्काळजीपणातून घडलेल्या मनुष्यवधाचे ८४ गुन्हे न्यायालयात कबूल केले.

२५/
एकाच काउंटीत, अकरा वर्षांच्या अंतराने, एकाच संस्थेची दोन रूपे दिसली. मृत्यूंनंतर बसलेल्या ज्युरीचे म्हणणे न्यायालयाने ऐकले. मृत्यूंपूर्वी बसलेल्या ज्युरीला लेखी उत्तर मिळाले, आणि तिचे काम तेथे संपले.

२६/
मग त्या उत्तराचा उपयोग काय? एवढाच, की धोका कोणाला दिसला नव्हता असे आज कोणी म्हणू शकत नाही. इशारा कोणी दिला, कधी दिला, तो नाकारताना कोणती कारणे दिली, हे सारे तारखेसह दप्तरात आहे. लेखी उत्तराची सक्ती नसती, तर २००९ चा तो अहवाल कपाटात गेला असता आणि नकाराची नोंदही उरली नसती.

२७/
आदेश देण्याची ताकद नसलेली देखरेख अपुरी असते, हे पॅराडाइजने दाखवले. तरीही दरवर्षी कॅलिफोर्नियाच्या ५८ काउंट्यांत नवी माणसे शपथ घेतात, दफनभूमी-मंडळाचे हिशेब चाळतात, तुरुंगाच्या कोठड्या पाहून येतात आणि उत्तर मागतात. त्यांच्या प्रश्नांना मिळालेली उत्तरे पुढच्या वर्षीच्या ज्युरीला वाचायला मिळतात. चौकशी तेथूनच पुढे सुरू होते.
(समाप्त)